रेंज कुठं येते? आमच्या भागातल्या मोबाईल सेवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात, माझं रिचार्जचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की कुणीतरी हातात फोन उंच धरून उभंच असतं. "पैसे घेतलेत ना दादा, मग फोन का लागंना?" कंपनीचा माणूस गावात कधी दिसत नाही, त्यामुळं लोक मलाच विचारतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. महिन्याला पैसे मोजायचे आणि लेकराशी बोलायला टेकडी चढायची, याला सेवा म्हणत नाहीत.

रोज येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं एकदाच नीट लिहून ठेवतोय. काही नियम वाचून कळली, काही टॉवरवर कामाला येणाऱ्या पोरांना चहा पाजून विचारली, बाकीची काउंटरवर उभं राहून शिकलो. लिहिलंय आमच्या गावाचं, पण भूम-परांड्याच्या, औंढ्याच्या किंवा किनवटच्या माणसालाही यात आपलं गाव दिसेल.

फुल कांड्या दिसतात, तरी फोन लागंना. असं कसं?

टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती ऐकू येतो, तेवढंच कांड्या सांगतात. तुमच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतोय का, टॉवरवर जागा शिल्लक आहे का, टॉवरच्या मागची लाईन चालू आहे का, हे कांड्यांत दिसत नाही. शिवाय किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो. एकाच कट्ट्यावर, एकाच कंपनीचं सिम घातलेल्या दोन फोनांत एकाला चार आणि दुसऱ्याला दोन कांड्या दिसलेल्या मी बघितल्यात.

खरा आकडा बघायचा असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत तिथं वजा चिन्हाचा एक आकडा असतो, त्याला डीबीएम म्हणतात. फोर-जीला वजा ८० ते ९० म्हणजे झकास. वजा १०० च्या आसपास काम भागतं. वजा ११० च्या पुढं आवाज तुटायला लागतो आणि वजा १२० ला फोन नुसता हातात धरायचा. आडाचं पाणी किती परस खाली गेलंय ते बघतात ना, तसं हे समजा. आकडा जितका मोठा, तितकी रेंज खोल.

आकडा चांगला आहे आणि तरीही नेट चालंना, तर दोन शक्यता. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव एकाच टॉवरवर लटकतं, तेव्हा गर्दीनं गाडी अडते. आणि दिवसभर बंद असेल तर बहुतेक फायबर तुटलेली असते. रस्ता रुंद करताना नाहीतर पाण्याची पाईपलाईन टाकताना जेसीबीचा एक घास बसला की चार-पाच गावं एका दमात मुकी होतात. खोदायच्या आधी केबलवाल्यांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय. आमच्या गावात चर खोदणाऱ्या जेसीबीवाल्याला मी ते दाखवलं, तर त्यानं त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. तुमच्या गावात खोदकाम निघालं तर ग्रामसेवकाच्या कानावर ही गोष्ट आधी घाला.

लाईट गेली की टॉवर पण जातंय. टॉवरला बॅटरी नसती का?

असते. टॉवरच्या पायथ्याला जाळीच्या कुंपणात कपाट असतं, त्यात बॅटऱ्यांचा संच असतो. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातं आणि बॅटरी उतरायला लागली की डिझेल जनरेटर सुरू व्हायला पाहिजे. पण बॅटऱ्या जुन्या होतात, कुठं चोरीला जातात, कुठं डिझेल वेळेवर येत नाही. त्यातच बऱ्याच ठिकाणी टॉवर उभा करणारी कंपनी एक आणि सेवा देणारी दुसरी. सेवा देणारा म्हणतो टॉवरवाल्याला विचारा, टॉवरवाला म्हणतो लाईटवाल्याला विचारा. डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की मग तीन-तीन दिवस विचारायलाही कुणी सापडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी घड्याळ लावून बसलो. लाईट गेल्यापासून अकराव्या मिनिटाला रेंज गेली. दुसऱ्या दिवशी दहाव्या, चौथ्या दिवशी परत अकराव्या. हे मी वहीत लिहिलं, तारीख-वेळेसकट. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

टॉवर तर समोर दिसतंय, मग रेंज का नाही?

पहिली गोष्ट, ते तुमच्या कंपनीचं आहे का? एका टॉवरवर सगळ्या कंपन्या असतातच असं नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. तुमच्या आसपास कुठं कुठं टॉवर आहेत आणि त्यावर कोणती सेवा आहे, हे त्यात नकाशावर बघता येतं.

दुसरी गोष्ट, आपला डोंगर. मोबाईलची लहर बरीचशी सरळ रेषेत जाते, डोंगराला वळसा घालून खाली दरीत उतरणं तिला फारसं जमत नाही. गाव पठारावर असेल तर दहा किलोमीटरवरचं टॉवरही लागतं आणि गाव खोऱ्यात असेल तर दोन किलोमीटरवरचंही लागत नाही. गोदाकाठच्या सपाट गावात आणि आमच्यात हाच फरक आहे. लहरींतही फरक असतो. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. २३०० ची लवकर दमते. फाइव्ह-जी बहुतेक ठिकाणी ३३०० च्या पुढच्या लहरींवर चालतं, ते त्याहून लवकर दमतं. म्हणून बीडच्या बसस्टँडवर फाइव्ह-जी पळतं आणि घाट चढून वर आलं की गायब होतं.

मग आपल्या गावात रेंज नेमकी येते कुठं?

हा प्रश्न पाहुणा दारात आला की चपला काढायच्या आधी विचारतो. आमच्या गावाची यादी अशी. मारुतीच्या पाराचा उत्तरेकडचा कठडा, पण बसून. उभं राहिलं की जाते. शाळेच्या पाण्याच्या टाकीची तिसरी पायरी. चुलत्याच्या मळ्यातलं लिंबाचं झाड. आणि खळ्यावरचा मोठा दगड, ज्याला आता सगळे 'टावरचा धोंडा' म्हणतात.

लिंबाच्या झाडाला चुलत्यानं पॉलिथिनची पिशवी बांधलीय. फोन त्यात ठेवायचा, दोरीनं वर ओढायचा आणि वाजला की खाली घ्यायचा. खाली घेतल्यावर रेंज जाते, म्हणून लाऊडस्पीकर लावून झाडाखालून ओरडून बोलायचं. त्याच्या मुलीच्या सोयरिकीची अर्धी बोलणी या झाडाखाली झाली. पलीकडून मुलाचे मामा मानपानाचं विचारत होते, हिकडं चुलता वर तोंड करून उत्तर देत होता आणि शेजारच्या वावरात सोयाबीन काढणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. शेवटी त्यातल्याच एकीनं ओरडून सांगितलं, "भाऊजी, एवढं कबूल करू नगा!" मामा पलीकडं हसले आणि तिथंच बैठक जुळली. लग्न चांगलं झालं. पण माझं म्हणणं असं की माणसाला आपल्या घरातलं बोलणं आपल्या घरात बसून करता आलं पाहिजे. पोरीबाळींना माहेरचं, सासरचं, दवाखान्याचं जे बोलायचं असतं ते पारावर बसून कसं बोलणार? कितीतरी बायका म्हणूनच फोन करायचं टाळतात, हे मला काउंटरवर कळतं.

दारात येते, घरात येईना. काय करावं?

पत्रा आणि स्लॅबमधली सळई दोन्ही लहर अडवतात. पत्र्याच्या घरात तर फार. फोन खिडकीच्या कडेला ठेवून बघा. घरात किंवा शेजारी वायफाय असेल तर सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. मग टॉवर नसलं तरी वायफायवरून साधा फोन लागतो आणि वेगळं ॲप लागत नाही. फोनला आणि कंपनीला ती सोय असली पाहिजे, एवढंच. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट पोचवायच्या सरकारी योजनेची, फायबर आली असेल आणि ती चालू असेल तर हा उपाय सगळ्यांत चांगला.

ऑनलाइन बूस्टर मिळतंय, मागवू का?

नका मागवू. परवान्याशिवाय असं यंत्र लावणं कायद्यात बसत नाही. शिवाय ते तुमच्या घरात रेंज ओढतं आणि टॉवरला गोंधळात टाकून आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडवतं.

गावाला आलं की बॅटरी लवकर उतरती. फोन खराब झाला का?

फोन बहुतेक ठणठणीत असतो. टॉवर लांब असलं की फोनला जोर लावून ओरडावं लागतं आणि रेंज गेली की तो सारखा शोधत बसतो. दोन्हीत बॅटरी जाते. फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवा. रेंज अजिबात नसलेल्या शेतात दिवसभर असाल तर विमान मोडवर टाका.

मी बसलोय देवणीला आणि फोन म्हणतो कर्नाटकात स्वागत. असं का?

धाकट्या बहिणीचं सासर तिकडंच आहे, त्यामुळं हे मी अंगणात बाजेवर बसून अनुभवलंय. देवणी, उदगीर, उमरगा या पट्ट्यात कर्नाटकचं टॉवर जवळ पडतं आणि देगलूर, बिलोलीकडं तेलंगणाचं. फोन जोरदार आवाजाकडं जातो, त्याला राज्याची हद्द कळत नाही. दिवसातून चार वेळा स्वागताचा मेसेज येतो आणि मध्येच चालू फोन तुटतो. सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून आपल्या सर्कलचं नेटवर्क हातानं निवडा, गावात त्याची रेंज पुरेशी असेल तर त्रास कमी होतो. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र, त्यात गोवाही येतं. प्रवासाला निघताना मात्र निवड परत आपोआपवर ठेवायला विसरू नका, नाहीतर फोन पुढं कुठंच लागत नाही.

पाऊस आला की नेट का जातं?

खेड्यातली बरीच टॉवरं एकमेकांशी हवेतून, गोल तबकडीनं जोडलेली असतात. मुसळधार पावसात त्या तबकड्यांमधला सिग्नल कमजोर होतो. त्यात लाईट जाते. आणि नेमकी तेव्हाच गरज असते. विजेची सूचना देणारं पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मी शेतकऱ्यांच्या फोनात घालून देतो, पण ते नेटवर चालतं. वावरात रेंज नाही म्हटल्यावर सूचना येणार कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, पूर आले, त्या दिवसांत माझ्या दुकानात लोक रिचार्ज मारायला येत नव्हते, पाहुण्यांची खुशाली कळवता येईल का ते विचारायला येत होते. माझ्याही फोनला रेंज नव्हती. हात जोडून परत पाठवावं लागलं, ते अजून मनातून जात नाही.

रेंज नाही आणि माणूस सिरीयस आहे. कुणाला फोन लावायचा?

११२. फोनवर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं लिहून आलं असेल तर तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची तिथं आहे. अशा वेळी ११२ त्या दुसऱ्या टॉवरवरून लागू शकतो. बाकीचे नंबर तसे लागत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना हा नंबर पाठ करून ठेवा. आम्ही तो पाराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय.

मालक कारखान्यावर गेल्यात. फोन लावला तर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणतंय. काय करू?

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. लेकरं आजी-आजोबांकडं राहतात. फडात रेंज असते-नसते, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, फोन चार्ज करायला लाईट नसते आणि हिकडं आमच्याकडं डोंगर. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी रेंज असण्याचा योग फार कमी येतो.

शेजारच्या आजी नातवाला घेऊन रोज संध्याकाळी दुकानात यायच्या. साधा बटणाचा फोन, मागची बाजू रबरबँडनं बांधलेली. पोरगं दुसरीत. फोन लागला की ते फक्त "आई, मी जेवलो" एवढंच म्हणायचं, कारण पुढचं बोलायच्या आत फोन कट व्हायचा. एक महिना हे बघितल्यावर आम्ही वेळ बांधून घेतली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसातला. टोळी तेव्हा गाडी भरून कोपीवर आलेली असते, आई कोपीच्या मागच्या बांधावर उभी राहते आणि आजी-नातू आमच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर. आता पोरगं पाढेसुद्धा म्हणून दाखवतं. कारखान्यावर गेलेल्या प्रत्येक घराला मी हेच सांगतो. जायच्या आधी वार आणि वेळ ठरवा, दोन्हीकडच्या जागा ठरवा, आणि मुकादमाचा नंबर घरात कागदावर लिहून ठेवा.

बटणाचा फोन घेताना एक बघा. काही फोन फक्त टू-जीचे असतात, आणि एका कंपनीकडं टू-जी अजिबातच नाही. त्या कंपनीचं सिम अशा फोनात चालत नाही. दुकानदाराला विचारूनच घ्या.

ओटीपी येईना, अंगठा लागंना, फॉर्म पुढं जाईना.

या तीन वाक्यांवर माझा निम्मा दिवस जातो. बँकेचा ओटीपी थोड्या मिनिटांत संपतो आणि आमच्याकडं पोचतो तो कधी अर्ध्या तासानं. रेशनच्या दुकानात मशीनला नेट नाही म्हणून बायका उन्हात रांगेत उभ्या. अंगठा झिजलाय की नेट झिजलंय हे त्यांना कोण सांगणार? ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर आली, म्हणजे पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायचा. पीकविम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असा नियम आम्ही अनेक वर्षं पाळत आलो, आणि गारपिटीनंतरच्या त्या ७२ तासांत टॉवर बंद असायचं. सगळं काम मोबाईलवर आणायचं ठरवलं, चांगलं आहे, मी त्यावरच पोट भरतो. पण मग मोबाईल हा रस्ता झाला, पाणी झालं. रस्ता वाहून गेला तर आपण तहसीलदाराकडं जातो ना? रेंज गेली तर गप्प का बसतो?

तोवर सोय म्हणून एवढं करा. ओटीपीचं काम सकाळी सहा-सातला करा, तेव्हा गर्दी नसते. फोन एकदा विमान मोडवर टाकून परत काढा, मग ओटीपी मागा. सारखं सारखं 'पुन्हा पाठवा' दाबू नका, नवा ओटीपी निघाला की जुना बाद होतो आणि उशिरा आलेला जुनाच तुम्ही टाकत बसता. आणि ओटीपी आला तर फोनवर कुणालाही सांगू नका, तुमचा नंबर बंद करतो म्हणून धमकावणाऱ्याला तर मुळीच नाही. मोबाईल कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था ट्राय असे फोन कधी करत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

सेवा बंद होती, त्या दिवसांचे पैसे परत मिळतात का?

कॉल मध्येच तुटला तर नाही. ट्रायनं १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या कॉलमागं १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, असा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो ११ मे २०१६ ला रद्द केला.

पण आता एक नवीन नियम आहे, तो फार कमी लोकांना माहीत आहे. १ एप्रिल २०२५ पासून, जिल्हा पातळीवरची मोठी सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना तेवढे दिवस वैधता वाढवून द्यायची. नैसर्गिक आपत्ती यातून वगळलीय. एका गावाचं टॉवर बंद पडलं तर हा नियम लागत नाही, आणि मला तीच त्यातली मोठी उणीव वाटते. आमच्यासाठी आमचं टॉवर म्हणजेच जिल्हा.

२८ दिवसांचा महिना कोणत्या पंचांगात आहे?

कोणत्याच नाही. २८ दिवसांचा पॅक धरला तर वर्षात १३ वेळा रिचार्ज मारावं लागतं. जानेवारी २०२२ च्या ट्रायच्या आदेशानं प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा पॅक ठेवावा लागतो. नाव घेऊन मागा. आणि बटणाच्या फोनला डाटाचे पैसे कशाला? डिसेंबर २०२४ च्या नियमानं फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालंय. आजी-आजोबांना तोच मारून द्या.

पोर्ट मारू का?

मारा, पण आधी परीक्षा घ्या. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेल्या शेजाऱ्याला रात्री आठला आपल्या घरात बोलवा, चहा करा आणि आपल्या चुलीपाशी बसून त्याच्या फोनवरून बोलून बघा. पाटलाच्या वाड्यावर रेंज येते म्हणून तुमच्या वस्तीवर येईल असं नाही. कंपन्यांनी आपल्या सेवेचा नकाशा वेबसाईटवर द्यायचा, हाही नियम २०२४ मध्ये आलाय. तो बघा, पण चुलीपाशीची परीक्षा सोडू नका.

पद्धत सोपी आहे. पोर्ट शब्दापुढं आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो ४ दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सर्कलमधल्या सर्कलमध्ये ३ कामाच्या दिवसांत व्हायला पाहिजे. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं. एसएमएस टावरच्या धोंड्यावर उभं राहूनच करा.

टॉवरसाठी जागा द्या, लाखो रुपये भाडं मिळतं असा फोन आला. आधी थोडे पैसे भरायचेत.

एक रुपया भरू नका. टॉवरसाठी जागा घेणारी खरी कंपनी जागामालकाकडून पैसे मागत नाही. आमच्या इथल्या एका शेतकऱ्यानं बैल विकून असे पैसे भरले. टॉवर आलं नाही, बैलही गेले.

टॉवरनं आजार होतात म्हणून गावात विरोध आहे. खरंय का?

भीती वाटणं साहजिक आहे, त्यावर कुणाला हसू नका. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. ग्रामसभेत ही माहिती ठेवा. फोन लांबच्या टॉवरसाठी जोर लावतो तेव्हा तो तुमच्या कानाला चिकटलेला असतो, हेही सांगा.

तक्रार कुठं आणि कशी करायची?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा, आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा.

१९८ ला फोन करा, फुकट आहे. बोलताना "रेंज नाही" एवढ्यावर थांबू नका. गाव, तालुका, पिनकोड, किती दिवसांपासून, दिवसातून कोणत्या वेळी, लाईट गेल्यावर की लाईट असताना, एवढं सांगा. पलीकडची मुलगी मला म्हणाली, "सर, जवळचं लँडमार्क सांगा." मी म्हणालो म्हसोबाचा माळ. तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं, शेवटी अक्षर-अक्षर लिहून घेतलं. तिचा काही दोष नाही, ती लांब कुठल्यातरी शहरात बसलेली. तुम्ही पिनकोड हाताशी ठेवा.

तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याला डॉकेट नंबर म्हणतात आणि तो देणं त्यांना बंधनकारक आहे. एकदा मला "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला. तो त्यांनी पाठवला सोमवारी आणि मला मिळाला गुरुवारी, धारूरच्या बाजारात. मधले तीन दिवस गावात रेंजच नव्हती. तोच मेसेज, त्यावरच्या दोन्ही वेळांसकट, मी पुढच्या पायरीला जोडला.

पुढची पायरी म्हणजे कंपनीचंच अपील प्राधिकरण. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत तिथं अपील करता येतं, पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत त्यांनी निर्णय द्यायचा असतो. तिथंही नाही झालं तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाका. ट्राय नियम करते, एकेका माणसाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिकडं अर्ज पाठवून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ ला स्पष्ट केलंय. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

एवढं करून काही होतं का, दादा?

आमच्याकडं अर्धं झालं. लाईट गेल्यापासून अकराव्या मिनिटाला रेंज जाते, हे तारीख-वेळेसकट लिहून चौदा जणांनी चौदा वेगवेगळ्या डॉकेट नंबरांनी कळवलं. पहिल्या वेळी नुसता फोन करून विचारपूस झाली. अपील केल्यावर गाडी आली, दोन माणसं उतरली, जुन्या बॅटऱ्या काढून नव्या बसवल्या. आता लाईट गेली तर टॉवर साडेतीन तास टिकतं. मी परत घड्याळ लावून बघितलं.

डोंगराच्या पलीकडचा तांडा मात्र अजून कोरडा आहे. तिथं बॅटरीचा प्रश्न नाही, तिथं लहरच पोचत नाही, नवं टॉवर लागेल. तांड्यावरचे तेवीस डॉकेट नंबर वहीत आहेत, अपीलही झालंय.

तुमच्या तक्रारींच्या वहीत माझं नाव कसं लिहायचं?

सिम ज्याच्या नावावर आहे त्याला बरोबर घेऊन या, तक्रार त्याच्याच नावानं लागते. खूपदा सिम भाच्याच्या नाहीतर पुण्यातल्या पोराच्या नावावर निघतं, ते आधी बघा. रेंज कधी जाते त्याच्या तीन दिवसांच्या वेळा कागदावर लिहून आणा. मी सकाळी आठला उघडतो. १९८ ला फोन आपण धोंड्यावर जाऊन लावू, फार तर पाच मिनिटांची चाल आहे.